माशांना औषध घालू की नको?



मागच्या महिन्यात स्वाध्याय संपता संपता एका वहिनींनी हळूच विचारलं, "तुमच्या माशांचं काय झालं हो शेवटी?" आणि मग उठायच्या ऐवजी आम्ही सगळ्या अर्धा तास माशांवरच बोलत बसलो. दोघी माझ्या बाजूने होत्या, तिघी विरुद्ध. आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या अक्का म्हणाल्या, "औषध घालून हजारो जीव मारलेस आणि वाचवलेस किती? सहा." आकडे बरोबर होते. मी कॉमर्सची आहे, आकडा चुकला असता तर तिथेच बोलले असते. पण कोणती रक्कम कोणत्या खात्यावर मांडायची, यात माझं आणि अक्कांचं जमत नाही. तिथे सगळ्यांसमोर मोठ्यांना उलटं बोलणं बरं दिसलं नसतं. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

नातवाच्या वाढदिवसाला मुलाने फिश टँक आणला. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. मी दोन दिवस नको नको म्हणाले, तिसऱ्या दिवशी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा हिशेब पुढे येणार आहेच. टँकमध्ये दोन एंजल, पाच निऑन टेट्रा आणि दोन केशरी मॉली होत्या. डिसेंबरात नातवाच्या हट्टापायी आणखी दोन काळ्या मॉली आल्या. पिशवीतून काढल्या आणि थेट टँकमध्ये सोडल्या. दुकानदाराने "आपल्याकडे कशाला लागतोय" म्हणून हीटर दिला नव्हता आणि त्या आठवड्यात रात्री चांगलाच गारठा होता.

पाचव्या दिवशी काळ्या मॉलीच्या शेपटीवर रव्याचे दाणे चिकटल्यासारखे दिसले. मला वाटलं खाणं चिकटलं असेल. दुसऱ्या दिवशी दाणे वाढले आणि ती दगडाला अंग घासायला लागली. आपल्याला पाठीवर खाज आली आणि हात पोचत नसला की आपण दाराच्या चौकटीला पाठ घासतो ना, अगदी तसं.

या रोगाला व्हाइट स्पॉट म्हणतात, शौकीन लोक नुसतं 'इक' म्हणतात. घरच्या टँकमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा परजीवीचा रोग हाच. त्या जीवाचं शास्त्रीय नाव इक्थिओफ्थिरिअस मल्टिफिलिस, म्हणजे पुष्कळ पोरं असलेली माशांची ऊ. नाव अगदी योग्य आहे. हा एकपेशीय जीव माशाच्या कातडीच्या आत शिरून तिथे खात वाढतो. आपल्याला दिसतो तो पांढरा दाणा म्हणजे कातडीखाली बसलेला तो. पोट भरलं की तो माशाला सोडून तळाच्या वाळूत पडतो, स्वतःभोवती आवरण करतो आणि आत त्याचे शेकडो, कधी हजारापर्यंत भाग होतात. आवरण फुटतं आणि ती सगळी पिल्लं पोहत मासा शोधायला निघतात. एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. पंचवीस अंशाच्या आसपास हा सगळा फेरा चार ते सात दिवसांत होतो, थंड पाण्यात कितीतरी आठवडे रेंगाळतो. मासा मरतो तो बहुतेक कल्ल्यांमुळे. कल्ल्यांत हे दाणे भरले की त्याला श्वास घेता येत नाही. बाहेरून ठिपके चारच दिसतात आणि आत कल्ले भरलेले असतात.

हे सगळं मला त्या दिवशी माहीत नव्हतं. मी अक्कांना फोन केला. आमच्याकडे काहीही अडलं की पहिला फोन अक्कांनाच. त्या म्हणाल्या, "औषध घालू नकोस. ते जीव मरतील. माशाचं जे कर्म असेल ते होईल." मला ते पटलं, म्हणजे पटवून घेतलं. तीन दिवस मी काही केलं नाही. सकाळी पूजेहून आले की आधी टँकपाशी जायची, ठिपके मोजायची आणि णमोकार म्हणायची. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन्ही काळ्या मॉली गेल्या आणि चौथ्या दिवशी पहाटे एक केशरी. नातू शाळेत जाताना म्हणाला, "आजी, तू नुसती बघत होतीस?"

आता अक्कांचा मुद्दा घेते. तो टाकाऊ नाही. तो जीव एकाच पेशीचा असला तरी हलतो, पोहतो, मासा शोधत जातो. 'जंतूच तर आहे' असं म्हणून मी त्याच्यापासून सुटका करून घेतलेली नाही. तो मारला की हिंसा होते, हे मी मान्य करून पुढे बोलते आहे. पण मग नातवाला शाळेत फेब्रुवारीच्या 10 तारखेला जंताची गोळी देतात तेव्हा आपल्यापैकी किती जणींनी मुलाला घरी ठेवलं? पोटातले जंत तर चांगले डोळ्यांना दिसणारे जीव आहेत. पांजरपोळातल्या गाईच्या अंगावर गोचिडी झाल्या की औषध लावतात, त्यासाठी आपणच देणगी देतो आणि पावतीही जपून ठेवतो. दिल्लीला चांदणी चौकात आपल्या लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचं रुग्णालय आहे. मी पाहिलं आहे. जखमी कबुतराला तिथे मलमपट्टी होते आणि ती जखमेत काही वाढू नये म्हणूनच असते. तिथे कुणी 'त्याचं कर्म' म्हणून हात बांधून उभं राहत नाही. मग माशापाशीच आपल्याला हे का सुचतं? मला वाटतं, मासा ओरडत नाही म्हणून. तो काचेआड असतो, मुकाट असतो आणि मेला तर साठ रुपयांत दुसरा येतो.

श्रावकाला संकल्पी हिंसेचा त्याग सांगितला आहे. आरंभी, उद्योगी आणि विरोधी हिंसा संसारात पूर्ण सुटत नाही, ती कमीत कमी करायची. आपल्या आश्रयाला असलेल्याचं रक्षण करताना जी होते ती विरोधी. माझ्या मते माशाला औषध देणं तिथे बसतं. त्या परजीवीला मारण्यात मला रस नव्हता. तो मासा सोडून कुठेही जगला असता तर मी त्याला हात लावला नसता. तंदुल मत्स्याची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. तांदळाएवढा मासा, एकही जीव गिळू शकत नाही, पण मोठ्या माशाच्या तोंडातून सुटून जाणारे जीव पाहून 'मी असतो तर एकही सोडला नसता' एवढ्या विचाराने सातव्या नरकात जातो. भाव कोणता आहे हे आपल्याकडे इतकं बारकाईने पाहिलं जातं. मग औषध घालणारीचा भाव बघा आणि नुसतं बघत बसणारीचाही बघा. त्या तीन दिवसांत माझ्या मनात करुणा होती असं मी सांगितलं तर ते खोटं ठरेल. मला पापाची भीती होती, माझ्या खात्यावर पाप लागेल याची. मासा त्या विचारात कुठेच नव्हता.

आणि खरं पाप तर आधीच लागून चुकलं होतं. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आठवा: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पहिलाच बंध. पंचेंद्रिय जीवाला दोन फुटांच्या काचेत कोंडून ठेवायचं आणि तो आजारी पडल्यावर मात्र सूक्ष्म जीवांची दया आठवायची! हिंसा औषधाच्या बाटलीपाशी सुरू झाली नाही. ती टँक घरात आला त्या दिवशी झाली, मी तिसऱ्या दिवशी गप्प बसले तेव्हा झाली. एकदा बांधून ठेवल्यावर त्या जीवाचं अन्न, पाणी, औषध सगळं आपल्यावर येतं. गोठ्यातल्या गाईबद्दल हे कुणाला सांगावं लागत नाही.

तर चौथ्या दिवशी मी काय केलं ते सांगते, कारण दोघी-तिघींनी तेच विचारलं आहे.

आधी पाणी मोजलं. दुकानदार "दोन झाकणं टाका" म्हणतो, पण किती लिटरला दोन झाकणं ते सांगत नाही. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि हजाराने भागायचं की लिटर आले. आमचा टँक साठ, तीस, तीस म्हणजे 54 लिटरचा. वरची रिकामी जागा आणि तळाची वाळू वजा करून पाणी 46 लिटरच्या आसपास. औषध या 46 वर मोजायचं, 54 वर नाही. मग हीटर आणला आणि पाणी हळूहळू, दीड-दोन दिवसांत 30 अंशांवर नेलं. एकदम नेऊ नका. उष्णतेने तो परजीवी लवकर लवकर माशाला सोडतो आणि तिशीच्या वर बहुतेक वेळा त्याची वाढच खुंटते. मात्र गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो आणि माशांचे कल्ले तर आधीच खराब असतात, म्हणून हवेचा पंप रात्रंदिवस चालू ठेवायचा. सोबत साधं खडेमीठ घातलं, लिटरला दोन ग्रॅम या हिशेबाने 92 ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून, तांब्यात विरघळवून, दोन दिवसांत चार वेळा विभागून. टँकमध्ये खऱ्या वनस्पती असतील तर त्यांना मीठ सोसत नाही. मॉलीला मीठ मानवतं, निऑनला फारसं नाही.

आणि रोज एक चतुर्थांश पाणी बदललं, नळी लावून तळाच्या वाळूतून ओढून घेतलं, कारण आवरणातले जीव तिथेच पडलेले असतात. नवीन पाणी आदल्या दिवशी गाळून बादलीत उघडं ठेवलेलं, म्हणजे नळाच्या पाण्यातला क्लोरीन उडून जातो, आणि टँकमधल्या पाण्याइतकंच कोमट केलेलं.

पाचव्या दिवशी एंजल आणि उरलेली मॉली सुधारली. निऑन मात्र वाईट होते, दोन गेले. त्यांना ती उष्णताही सोसत नव्हती. तेव्हा पाणी 28 वर आणलं आणि औषध घातलं. दुकानात व्हाइट स्पॉटची जी औषधं मिळतात त्यांत बहुधा मॅलेकाइट ग्रीन असतं, काहींत फॉर्मेलिन किंवा मिथिलीन ब्लू. मॅलेकाइट ग्रीन जहाल आहे, हातमोजे घालूनच बाटली उघडा. टेट्रा आणि बिनखवल्यांच्या माशांना ते सोसत नाही, म्हणून मी निम्मंच घातलं. फिल्टरमध्ये कोळसा असेल तर काढून ठेवायचा, नाहीतर तो औषध शोषून घेतो आणि आपण म्हणतो औषधाला गुण नाही. टँकचा दिवाही बंद ठेवायचा, उजेडाने ते औषध उतरतं.

एक गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, आणि बहुतेक जणी इथेच फसतात. औषध लागू पडतं ते फक्त पाण्यात पोहणाऱ्या पिल्लांना. कातडीखालच्याला आणि आवरणातल्याला ते पोचत नाही. म्हणून ठिपके गेले की लगेच थांबायचं नाही. ठिपके जाणं म्हणजे ते जीव तळाला पडून आता शेकड्याने वाढताहेत. ठिपके गेल्यावरही मी दहा दिवस उपचार चालू ठेवले.

(एक सांगायचं राहिलं. माझ्या जावेने गोल्डफिशच्या कल्ल्यांवर पांढरे ठिपके बघून घाबरून औषध घातलं होतं. नर गोल्डफिशला विणीच्या काळात कल्ल्यांच्या झाकणावर असे दाणे येतात, तो रोग नसतो. दाणे अंगभर, शेपटीवर, परांवर असतील आणि मासा अंग घासत असेल तर व्हाइट स्पॉट समजावं. अंगावर सोनेरी भुकटी उडाल्यासारखं दिसलं तर तो वेगळा परजीवी, त्याचं औषध वेगळं.)

या सगळ्यात मला सर्वांत जड गेलं ते नळीने ओढलेलं पाणी कुठे ओतायचं ते. माझी आजी विहिरीवर पाणी गाळायची आणि फडकं उलटं धरून, वरून पाणी घालून, अडकलेले जीव परत विहिरीतच सोडायची. जिवाणी परत केल्याशिवाय घागर उचलायची नाही. तिला कुणी शाळेत शिकवलं नव्हतं. आणि मी ती बादली घेऊन मागच्या दारी उभी. टँकमध्ये परत ओतता येत नाही, नदीत तर मुळीच नाही, तिथल्या माशांना रोग लागेल. शेवटी परसात जास्वंदीच्या मुळाशी ओतलं. पंधरा-सोळा दिवस रोज ओतलं. त्या जीवांना मातीत मरण आहे हे ठाऊक असून ओतलं. सामायिकाला बसल्यावर त्याचं प्रतिक्रमण केलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओतलं. अक्कांच्या हिशेबातला हा भाग मी माझ्या खात्यावर घेते. नाकारत नाही.

नदीवरून आठवलं. आपल्यातल्या काही जणी 'जीवदया' म्हणून टँकमधले मासे कृष्णेत किंवा तलावात सोडतात. कृपा करून सोडू नका. काचेत वाढलेले ते जीव तिथे दोन दिवसही काढत नाहीत, आणि जे काढतात ते आणखी वाईट. टँक साफ ठेवतो म्हणून विकतात तो सकर मासा असाच कुणीतरी सोडून सोडून आज भारतातल्या अनेक नद्यांत आणि तलावांत पसरला आहे, आणि तिथल्या मूळच्या माशांना जड झाला आहे.

दुसरं वास्तूचं. आपल्या समाजातल्या निम्म्या घरांत टँक आहे तो मुलांच्या हट्टाने नाही, कुणीतरी ईशान्येला ठेवायला सांगितला म्हणून आहे. मासा मेला की म्हणतात, घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी नवा आणून सोडतात. बायांनो, ही लोकमूढता आहे, स्पष्ट बोलते. आपलं कर्म आपण भोगायचं असतं. ते मॉलीच्या अंगावर कसं जाईल? संकट कुठलं, तो व्हाइट स्पॉट असतो, आणि तुम्ही सोडलेल्या नव्या माशाला तोच लागतो. अठराव्या तीर्थंकरांचं, अरनाथ भगवंतांचं लांछन मत्स्य आहे. रोज त्या वेदीपुढे अर्घ्य वाहून घरी येऊन संकट झेलायला मासा ठेवायचा, हे मला तरी शोभत नाही असं वाटतं.

आणि खाण्याचा डबा एकदा चष्मा लावून वाचा. मी तो महिनाभर वाचलाच नव्हता. दाण्यांत मासळीचं पीठ आणि कोळंबी असते. सुकवलेले ट्युबिफेक्स म्हणून विकतात ते चक्क अळ्यांसारखे किडे, आणि जिवंत आणले तर त्यांच्याबरोबर रोगही येतात. ज्या घरात कांदा येत नाही त्या घरात हा डबा मसाल्याच्या शेजारी होता. शेवाळाचे दाणे मिळतात ते मी आता शोधून आणते, पण त्यांतही थोडं मासळीचं पीठ बहुधा असतंच. माशांना वरणभातावर ठेवता येत नाही. आमचे 'हे' गमतीने म्हणतात, आपल्या घरचे मासे निदान सूर्यास्ताआधी जेवतात.

म्हणून माझं म्हणणं दोन टोकांचं वाटेल, पण आहे ते असं. टँक घेऊ नका. नातू रडला तर रडू द्या, त्याला तारापोरवाला मत्स्यालयाचे फोटो दाखवा, शेततळ्यावर न्या. हे मासे चेन्नईजवळच्या कोळत्तूरसारख्या ठिकाणी पैदास होऊन प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून दोन-दोन दिवस प्रवास करून आपल्या दुकानात येतात. त्या प्रवासानेच ते निम्मे खचलेले असतात, म्हणून तर रोग धरतात. पण टँक घरात आलाच असेल, तर 'आपल्यात औषध चालत नाही' हे वाक्य त्या जीवाला ऐकवू नका. हीटर आणा. नवा मासा आणलाच तर तीन-चार आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवा, म्हणजे औषधाची वेळच यायची नाही आणि ते हजारो जीवही मारावे लागणार नाहीत. अक्कांना हे मी फोनवर सांगितलं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "वेगळं भांडं ठेवायला तुला आधी कुणी सांगितलं नव्हतं का?" नव्हतं सांगितलं, पण मी विचारलंही नव्हतं.

आता आमच्याकडे दोन एंजल, तीन निऑन आणि एक केशरी मॉली आहे. नंतर मला कळलं की एंजल मोठे झाले की निऑनना गिळतात. दोन्ही एकत्र विकताना दुकानदाराला हे माहीत नव्हतं असं मला वाटत नाही. त्यामुळे निऑनसाठी वेगळा छोटा टँक घ्यावा लागला. टँक नको म्हणणाऱ्या बाईच्या घरात आज दोन टँक आहेत. नवा मासा आणायचा नाही, हे नातवाने कबूल केलं आहे. मॉलीला एकटं वाटत असेल का, असं तो अधूनमधून विचारतो आणि मी विषय बदलते. एंजल नीट सांभाळले तर दहा वर्षंही जगतात म्हणे. म्हणजे सत्तरी ओलांडल्यावरही मी बादल्या उचलत असणार.